जहांगीर कलादालनाचा इतिहास : शहापूर-मुरबाडच्या बाजूने

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणिकेत मुंबईच्या काळा घोडा भागातील एका कलादालनाचा इतिहास छापण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. आमच्या शाळांतून एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला-परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्या मुलांनी पुढे चित्रकलेचे शिक्षण घेण्याचे धाडस केले, त्यांनी आसनगाव, आटगाव किंवा खर्डीहून कसाऱ्याची लोकल धरली. मुरबाडला रेल्वे नसल्यामुळे तिकडच्या मुलांनी एस.टी.ने आधी कल्याण गाठले; आणि बोरीबंदरला उतरल्यावर, जे. जे. कलाशाळेच्या आवारात पाऊल टाकण्याच्या अगोदर किंवा मागाहून, ही मुले ज्या एका इमारतीत कोणाची ओळख, शिफारस अथवा तिकीट न लागता शिरू शकली आणि हयात असलेल्या चित्रकाराचे मूळ चित्र हातभर अंतरावरून पाहू शकली, ती इमारत म्हणजे जहांगीर कलादालन. आमच्या भागाचे त्या इमारतीशी याहून जुने आणि याहून गहन असे आणखीही एक नाते आहे. ते पुढे ओघाने येईल.

लोकांच्या रहदारीच्या वाटेवर प्रतिमा मांडून ठेवण्याची कल्पना आमच्या मुलखाला मुळीच नवी नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून निघालेला माल मुरबाडवरून वैशाखऱ्यास येई आणि तेथून नाणेघाट चढून जुन्नर व पुढे प्रतिष्ठान म्हणजे पैठणकडे जाई. त्या घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी आपल्या राजकुलाच्या प्रतिमांची एक ओळच भिंतीत कोरवून घेतली होती. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका आणि राजपुत्र अशी नावे प्रत्येक प्रतिमेच्या माथ्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेली असून ती आजही वाचता येतात. प्रतिमा मात्र नष्ट झाल्या, काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. घाटाचा माथा आज पुणे जिल्ह्याच्या हद्दीत मोडतो आणि पायथा मुरबाड तालुक्यात. पण बैलांचा तांडा घेऊन घाट चढणाऱ्या वाटसरूला त्या प्रतिमा पाहण्यासाठी राजवाड्याच्या देवडीवर तिष्ठत बसावे लागत नसे, ही गोष्ट मला या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते.

मुंबईत चित्रकलेचे शिक्षण आधी आले आणि चित्रांना जागा त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी मिळाली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली चित्रशाळेचे वर्ग सुरू झाले; १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटीची स्थापना होऊन वार्षिक प्रदर्शनांचा रिवाज पडला; त्या प्रदर्शनांत पदके मिळू लागली, वर्तमानपत्रांत समालोचने येऊ लागली आणि संस्थानिकांकडून व्यक्तिचित्रांची कामेही मिळू लागली. परंतु एकट्या चित्रकाराने स्वतःच्या जबाबदारीवर आपली चित्रे नगरवासीयांपुढे मांडावयाची म्हटले, तर त्यासाठी खास बांधलेली, योग्य प्रकाशाची आणि आठवडाभर मुक्रर करून मिळणारी अशी सार्वजनिक जागा मुंबई इलाख्याच्या या राजधानीत नव्हती. सभागृह उसने घ्यावे, एखाद्या संस्थेच्या दिवाणखान्यात पडद्यांवर चित्रे टांगावीत, आणि पुढच्या कार्यक्रमाची वेळ झाली की ती उतरवून घरी न्यावीत, अशी ही परिस्थिती होती.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला तेव्हा ही उणीव अधिकच तीव्रतेने जाणवू लागली. या सहा जणांत चित्रपटांचे फलक रंगवून उपजीविका केलेले हुसेन होते, घरकाम करून आणि मोटारी धुऊन चित्रकार झालेले कृष्णाजी हौळाजी आरा होते, आणि हरी अंबादास गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे हे दोन मराठी भाषक होते. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असून मांडण्यास जागा नव्हती. नाझी अमलाच्या छायेतून निसटून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लेडन आणि एमॅन्युएल श्लेझिंगर या तिघांनी त्या काळी या तरुणांना अनुक्रमे मार्गदर्शन, समीक्षा आणि खरेदी या तीन मार्गांनी आधार दिला, ही गोष्ट मुंबईने कृतज्ञतेने स्मरावी अशी आहे. परागंदा होऊन आलेल्या माणसांना नव्या शहराच्या कलेत एवढा जीव गुंतवावासा वाटला, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

कलादालन उभे राहिले ते दोघांच्या आग्रहामुळे आणि एकाच्या औदार्यामुळे. आग्रह धरणारे होते चित्रकार कृष्ण हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा. हे भाभा स्वतः उत्तम चित्रे काढीत आणि आपल्या मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेत, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. देणगी दिली सर कावसजी जहांगीर यांनी. ज्या घराण्याचा दानधर्म मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहापासून एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीपर्यंत जागोजागी दगडात दिसतो, त्या घराण्याच्या या वंशजाने आपल्या दिवंगत पुत्राच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ बांधकामाचा सारा खर्च आपल्याकडे घेतला. पुत्रशोकात बापाने धर्मशाळा, पाणपोई किंवा दवाखाना बांधण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. त्या शोकातून हयात चित्रकारांसाठी भिंती उभ्या राहिल्याचे उदाहरण मात्र विरळा.

वास्तूचा आराखडा दुर्गा बाजपेयी यांनी केला. शेजारी जॉर्ज विटेटने बांधलेले घुमटाचे भव्य वस्तुसंग्रहालय आणि भोवताली इंग्रजी अमलातील दगडी कमानी असताना बाजपेयींनी काँक्रीटची साधी, आधुनिक इमारत योजिली आणि दर्शनी भागी रस्त्याच्या दिशेने पुढे आलेले लाटेसारखे छत दिले. हे छत पदपथावरच्या माणसावर उन्हापावसात सावली धरते, आणि नुसता सावलीसाठी थांबलेला मनुष्य चार पावले चालला की चित्रांसमोर उभा असतो. १९५२ साली उद्घाटन झाले ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते. मुख्यमंत्रिपदावरील त्यांचे ते अखेरचे महिने होते. ठाणे जिल्ह्यातील आदिवासींच्या सेवाकार्याशी खेरांचे नाव निगडित आहे, हे आमच्याकडील जुन्या मंडळींना सांगावयास नको. त्या आदिवासींच्या भिंतीवरील चित्र पुढे याच इमारतीत येणार आहे, याची कल्पना मात्र त्या दिवशी तेथे जमलेल्यांपैकी कोणासही असणे शक्य नव्हते.

कलादालनाच्या कारभाराची रीत आमच्या विद्यार्थ्यांना नीट समजावून सांगितली पाहिजे, कारण या संस्थेचे सामर्थ्य त्या रीतीत आहे. चित्रकाराने अर्ज करावा, आपल्या कामाचे नमुने दाखवावेत, समितीची मंजुरी मिळाली की नोंदवहीत त्याचा क्रम लागावा, त्याची पाळी आली म्हणजे भाडे भरून त्याने दालन ताब्यात घ्यावे, चित्रे लावावीत, आणि मंगळवारी उघडलेले प्रदर्शन पुढल्या सोमवारी आटोपून पुढच्यास जागा मोकळी करून द्यावी, असा हा क्रम चालत आला आहे. पाळी येण्यास वर्षे लागतात, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, आणि ती खरी आहे. तथापि या दिरंगाईच्या मुळाशी एक न्याय आहे. ज्याला पेढीवाल्याचा आश्रय नाही, ज्याची चित्रे कोणी संग्राहक आगाऊ विकत घेत नाही, अशा खेड्यातील ड्रॉईंग मास्तरालाही त्या नोंदवहीत नाव घालण्याचा हक्क आहे. ज्या भिंतीवर हुसेनांची चित्रे लागली, तिच्यावर सात दिवस त्याचीही लागतात, आणि पाहणाऱ्याला दोन्हीसाठी दाराशी दमडीही मोजावी लागत नाही. समीक्षकांनी या सरमिसळीला नावे ठेवली आहेत. निवड अधिक कठोर हवी, असे त्यांचे म्हणणे. पण निवडक चित्रांसाठी मुंबईत पुढे खाजगी दालने पुष्कळ झाली, पाळीचा मान ठेवणारे एवढे मोठे दार मात्र माझ्या मते एवढेच राहिले.

पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचा वृत्तांत मुंबईच्या लेखकांनी वेळोवेळी लिहिला असल्यामुळे येथे तो थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. १९६३ साली चित्रांच्या चौकटी बनविण्याच्या धंद्यातून कलेकडे आलेले केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोरशेद यांनी याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड थाटली. १९६४ साली तळमजल्यावरील चिंचोळ्या सज्जात उषा खन्ना यांनी समोवार हे उपाहारगृह सुरू केले, आणि वस्तुसंग्रहालयाच्या बागेकडे तोंड करून बसलेल्या चित्रकार, नट, कवी, वकील आणि बेकार तरुणांच्या तेथील चर्चांनी दोन पिढ्यांचे कलाशिक्षण केले. बाहेरच्या पदपथावर, ज्यांची पाळी अद्याप आलेली नाही अथवा ज्यांना भाडे परवडत नाही, असे चित्रकार आपली चित्रे मांडून बसू लागले, आणि तेही पुढे त्या जागेचे अविभाज्य अंग झाले. १९६५ साली चौकातला सातव्या एडवर्डचा घोड्यावरील काळा पुतळा हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. घोडा गेला तरी भागाचे नाव लोकांच्या तोंडी कायम राहिले.

आता १९७५ सालाकडे येऊ, कारण आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासाचे केंद्र तेथे आहे.

ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या घरी लग्न निघाले म्हणजे कुडाची भिंत शेणामातीने सारवून गेरूने लाल करावयाची, आणि सवाशिणींनी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात बांबूची काडी बुडवून तीवर चौक लिहावयाचा, ही वारल्यांची फार प्राचीन रीत. चौकोनाच्या आत पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव, भोवती झाडे, पाखरे, नाचणारी माणसे, वरात. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि वर डोक्याचे वर्तुळ. लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणत असते आणि तिच्या गाण्यांनी देवांना आवाहन झाल्यावाचून लग्न लागत नाही. चौकाची निर्मिती सर्वस्वी बायकांची, आणि तिचे आयुष्य त्या लग्नापुरते. पुढच्या पावसाळ्यात भिंत ओलावते, धूर बसतो, चित्र पुसट होते, आणि त्याचे कोणाला दुःखही होत नाही.

या चित्रांच्या शोधात भास्कर कुलकर्णी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी डहाणूकडे आले. हे कुलकर्णी स्वतः चित्रकार. बिहारच्या दुष्काळाच्या वेळी पुपुल जयकरांच्या प्रेरणेने मिथिलेत जाऊन तेथील बायकांना भिंतीवरचे चित्र कागदावर उतरविण्यास त्यांनी प्रवृत्त केले होते, आणि तोच प्रयोग त्यांनी येथेही करून पाहिला. गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. लहानपणी आई गेल्यापासून बोलणे टाकून धुळीत बोटाने चित्रे काढीत बसणारा हा मुलगा पुढे मोठा झाल्यावर, पुरुषाने करावयाचे नाही असे ते काम, लग्नकार्याचे निमित्त नसतानाही, रोजच्या रोज करीत असे. कुलकर्ण्यांनी त्याला कागद आणि पांढरा रंग दिला. १९७५ साली जहांगीर कलादालनाच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरील केमोल्डमध्ये, मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

त्या घटनेचे मोल कळण्यासाठी तीस वर्षे मागे गेले पाहिजे. १९४५च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, आणि तिच्या पाठोपाठ त्याच वर्षी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी व लग्नगडीची पद्धत झुगारून दिली. लग्नगडी म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या खर्चासाठी सावकाराचे कर्ज काढून त्याच्या फेडीपायी नवराबायकोने जन्मभर त्याच्या घरी राबणे. ज्या लग्नाचा चौक पुढे कलादालनात शोभला, त्याच लग्नाच्या कर्जाने ही माणसे गुलाम होत होती. त्या वेळी डहाणू व तलासरी हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा निराळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. म्हणून मशे यांना मी आमच्याच जिल्ह्याचे म्हणतो, आणि सरकारी दप्तरातील सीमा बदलल्या तरी शहापूरच्या पाड्यांवरील वारली आणि डहाणूचे वारली यांचे गणगोत बदललेले नाही.

पुढची हकीकत जगजाहीर आहे. मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसला जगभरच्या कलावंतांचे जे गाजलेले प्रदर्शन भरले त्यात त्यांची चित्रे होती. २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. माशांचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, तारप्याच्या सुरावर वर्तुळात गुंफलेला नाच हे विषय त्यांनी कागदावर असे काही विस्तारले की भिंतीवरच्या चौकात मूळ नसलेली एक स्वतंत्र चित्रभाषा त्यातून सिद्ध झाली. हे त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबर जे झाले तेही शिक्षकांनी जाणून घेतले पाहिजे. कागदावर चित्र आले, त्याला किंमत आली, आणि त्यासरशी ते प्रामुख्याने पुरुषांच्या हाती गेले. शेकडो वर्षे ज्या सवाशिणींनी ते जतन केले त्यांची नावे कोणत्याही प्रदर्शनाच्या पत्रिकेवर छापली गेली नाहीत. आज आमच्या दोन तालुक्यांत शाळांच्या कुंपणभिंतींपासून फार्म हाऊसच्या फाटकांपर्यंत त्रिकोणी माणसांचे नाच रंगविलेले दिसतात, आणि ते रंगविणाऱ्यांपैकी कित्येकांनी चौक लिहिला जात असताना कधी पाहिलेलाही नसतो. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक निर्देशांकाची सनद मिळाली, ती आवश्यकच होती. पण अशी सनद नक्कल करणाऱ्यास अटकाव करील, जाणत्या म्हातारीजवळ बसून चौकाचा अर्थ विचारण्याचे काम तिच्याने होणार नाही. ते आपल्या वर्गातील मुलांना सांगावे लागेल, आणि अशी म्हातारी ज्या पाड्यावर अजून आहे तेथे मुलांना घेऊन जावे लागेल.

या संबंधात पाण्याचा उल्लेख टाळणे मला शक्य नाही. १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा धरण बांधून पूर्ण झाले; पुढे वैतरणेवर मोडकसागर झाला, भातसा झाले. काळा घोड्याच्या आसपासचे नळ आमच्याच डोंगरांतल्या पाण्यावर वाहत आले आहेत, तर त्या धरणांच्या उशापायथ्याशी असलेल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते. राजधानीने आमच्याकडून पाणी घेतले आणि चित्रही घेतले. चित्राच्या बाबतीत तिने निदान एक भिंत, एक नाव आणि एक व्यासपीठ परत दिले, हे मान्य केले पाहिजे. पाण्याच्या बाबतीतला हिशेब अजून बाकी आहे, आणि तो मागण्याचा आमचा हक्क आहे.

अलीकडच्या वर्षांतील स्थित्यंतरे सांगून हा वृत्तांत आटोपतो. १९९६ साली, रस्त्यापलीकडच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली, आणि अशा रीतीने एकाच घराण्याच्या दोन इमारती चित्रकलेच्या कामी आल्या. १९९९पासून काळा घोडा महोत्सव भरू लागला. २००७ साली केमोल्ड तेथून जवळच्याच मोठ्या जागेत गेली. २०१५च्या मार्चअखेर समोवार बंद झाले, तेव्हा ज्यांनी तेथे एका चहावर दुपार काढली होती अशा पुष्कळांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले. दालनाची नोंदवही मात्र भरलेलीच आहे, मंगळवारी नवी चित्रे लागतातच, आणि दार अजून विनामूल्य उघडे आहे.

आमच्या शिक्षक-बंधुभगिनींपुढे एक सूचना ठेवतो. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावी चित्रांसाठी राखून ठेवलेली एक-एक खोली असावी. मग ती पंचायतीची असो, वाचनालयाची असो वा शाळेची. तिला पांढऱ्या चुन्याच्या भिंती, वरून येणारा उजेड, चित्रे टांगण्यासाठी लाकडी पट्ट्या आणि एक नोंदवही एवढे साहित्य पुरे. नोंदवहीत ज्याचा क्रम आधी त्याची पाळी आधी, मग तो सरपंचाचा मुलगा असो की कातकरवाडीतला, हा नियम मोडू नये. आणि वर्षातून एकदा ही चित्रे उचलून मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे न्यावीत. पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या तेथील म्हसोबाच्या यात्रेस गुरेढोरे आणि घोंगड्या घेण्यासाठी घाटावरची आणि घाटाखालची माणसे एका ठिकाणी येतात, आणि बैलाची पारख करणाऱ्या त्या डोळ्यांना चित्र दाखवावयास तेवढी मोठी संधी वर्षभरात दुसरी मिळत नाही. यंदाच्या यात्रेसाठी ग्रामपंचायतीकडे जागेची दरखास्त वेळेवर करावी, आणि चौक लिहिण्यासाठी दोन्ही तालुक्यांतील जाणत्या वारली बायकांना मानधन देऊन, त्यांची नावे फलकावर ठळक अक्षरांत लिहून, बोलावून घ्यावे.